तपासणी नळाची, नुकसान जमिनीचं



खडकवासल्याच्या खाली एक सौदा झालेला आहे. धरणाचं चांगलं पाणी पुणे शहराने जास्तीचं घ्यायचं आणि बदल्यात शहराचं सांडपाणी शुद्ध करून खालच्या शेतीला द्यायचं. सौदा करणारे दोघे: महापालिका आणि पाटबंधारे खातं. ज्यांच्या जमिनीवर ते पाणी पडतं त्यांना सौद्यात जागा नाही. त्या पाण्यात पोटरीभर उभं राहून ज्या बाया खुरपतात त्यांना तर नाहीच नाही. त्या जमिनीचं दहा वर्षांनी काय होईल, विहिरीचं काय होईल, हा हिशोब आमच्यापर्यंत तरी कुणी आणलेला नाही.

काही साथी विचारतात, आपण डोंगरातली माणसं. आपली लढाई वनहक्काच्या पट्ट्याची. कालव्याच्या पाण्याचं आपल्याला काय?

चार गोष्टींसाठी आहे. पहिली, ते पाणी आपल्या डोंगराचं आहे. वेल्हे-मुळशीच्या ओढ्यांतून ते धरणात जातं. दुसरी, पानशेत आणि वरसगाव धरणांत ज्यांची गावं बुडाली त्यांतल्या अनेकांना खाली दौंडच्या बाजूला, कालव्याच्या लाभक्षेत्रात जमिनी दिल्या गेल्या. तेव्हा सांगितलं होतं, डोंगर सोडा, तिकडे बारमाही पाणी मिळेल. तिसरी, आपली कातकरी आणि इतर मजूर माणसं पावसाळा संपला की खाली उतरतात. वीटभट्टी, ऊसतोड, भाजी खुरपणं, कालव्यातले मासे धरणं, हे सगळं त्याच पट्ट्यात. चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. खाली जी रीत चालून जाते ती वर चढते. आज कालव्यात चाललं, उद्या आपल्या ओढ्याकाठी चालवतील.

म्हणून हा लेख. आमचं म्हणणं एका वाक्यात असं आहे: सांडपाणी जमिनीवर सोडायचं असेल तर त्याचा परिणाम जमिनीत, विहिरीत आणि माणसाच्या अंगावर मोजला पाहिजे, आणि तो मोजताना ग्रामसभा हजर पाहिजे. नळाच्या तोंडाशी भरलेल्या एका बाटलीला आम्ही मूल्यमापन म्हणणार नाही.

सौद्याचं गणित

खडकवासला धरण इंग्रजांनी 1879 साली पुरं केलं. शेतीला आणि पुण्याला पाणी द्यायला ते बांधलं. मग वर पानशेत, वरसगाव, टेमघर झाली. आज चारही धरणं मिळून सुमारे 29 टीएमसी पाणी साठतं. शहर वाढलं तशी शहराची तहान वाढली. कालव्याचं आवर्तन कमी पडू लागलं, तसे खालचे शेतकरी ओरडू लागले. त्यावर तोडगा काढला तो असा: मुंढव्याला नदीत आलेलं पाणी पंपाने उचलायचं, जुन्या बेबी कालव्यात टाकायचं आणि तेच हवेली-दौंडच्या शेतीला द्यायचं. वर्षाला साडेसहा टीएमसी.

आता साधी बेरीज-वजाबाकी करू. एक टीएमसी म्हणजे सुमारे 2,832 कोटी लिटर. साडेसहा टीएमसी म्हणजे दिवसाला सरासरी 50 कोटी लिटर. ही योजना ठरली तेव्हा पुण्याच्या सगळ्या मैलाशुद्धीकरण केंद्रांची मिळून ताकद दिवसाला 47 कोटी 70 लाख लिटर होती. म्हणजे सगळी केंद्रं रात्रंदिवस, एक तासही वीज न जाता, पूर्ण क्षमतेने चालली तरी ठरलेलं शुद्ध पाणी पुरं पडत नव्हतं. उरलेलं कुठून येणार? नदीतून. आणि नदीत काय असतं ते मुंढव्याच्या पुलावर नाक धरून जाणाऱ्या कुणालाही विचारा. पंप नदीतून पाणी उचलतो. शुद्ध केलेलं आणि न केलेलं पाणी नदीत एक होतं. पंपाला त्यातला फरक कळत नाही.

2016 च्या सुरुवातीला जपानच्या कर्जातून नदी सुधारण्याच्या योजनेचा करार झाला. त्यात 11 नवीन केंद्रं बांधायचं ठरलं, दिवसाला 39 कोटी 60 लाख लिटरची. चांगली गोष्ट आहे, केंद्रं झालीच पाहिजेत. पण मग सरकारने एका प्रश्नाचं उत्तर द्यावं. सगळं पाणी आधीच शुद्ध होत होतं, तर एवढी नवीन केंद्रं कशाला लागली? आणि होत नव्हतं, तर ते शेतात का सोडलं? केंद्र आधी, कालवा नंतर, हा क्रम उलटा का झाला?

मुळा-मुठेचं नाव केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत आहे. सरकारच्याच कागदावर जी नदी आजारी आहे, तिचं पाणी जमिनीला मात्र औषध म्हणून पाजायचं.

महात्मा फुल्यांनी खडकवासल्याच्या कालव्याचं पाणी घेऊन मांजरीला शेती केली. पाटाचं पाणी घ्यायला शेतकरी बिचकत होता, त्याला करून दाखवावं हा हेतू. आज त्याच मांजरीच्या बाजूने बेबी कालवा वाहतो. तिथला शेतकरी आज बिचकला तर कुणाच्या तोंडाने त्याला अडाणी म्हणणार?

जमिनीसाठी कायदा सैल

साथींनो, ही गोष्ट नीट लक्षात ठेवा आणि ग्रामसभेत सांगा.

पर्यावरण संरक्षण नियमांत सांडपाण्यासाठी एक तक्ता आहे, 1993 पासूनचा. त्यात एकच सांडपाणी कुठे सोडताय त्यावर मर्यादा बदलते. पाण्यातली घाण मोजायचं एक माप आहे, त्याला बीओडी म्हणतात. सोप्या भाषेत ती पाण्यातल्या घाणीची प्राणवायूची भूक. भूक जास्त तेवढं पाणी घाण. नदी-नाल्यात सोडायचं असेल तर लिटरला 30 मिलिग्रॅमपर्यंत चालतं. शेतजमिनीवर सोडायचं असेल तर 100 मिलिग्रॅमपर्यंत चालतं. तरंगणारा गाळही तसाच: नदीला 100, जमिनीला 200.

म्हणजे नदीला जे पाणी घाण म्हणून नाकारायचं, त्याच्या तिप्पट घाण पाणी या तक्त्याप्रमाणे जमिनीला चालतं.

याच्या मागे एक विचार आहे, तो आम्ही लपवत नाही. माती घाण गाळते, जिरवते, तिचं खत करते. हे खरंच आहे. शेणाचा उकिरडा आपण शेतातच टाकतो. पण माती शेण जिरवते म्हणून शिसंही जिरवेल असं होत नाही. त्याच तक्त्यात पुढे बघा. शिसं, कॅडमियम, क्रोमियम, पारा, जस्त, तांबं यांना नदीसाठी मर्यादा लिहिलेली आहे. जमिनीच्या रकान्यात मात्र जागा कोरी. नदीत सोडताना जे विष मोजायचं, ते शेतात सोडताना मोजायचीच गरज नाही! जंतांच्या अंड्यांना तर या तक्त्यात जागाच नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सांडपाण्यावर शेती करायची तर लिटरमागे जंताचं एकापेक्षा जास्त अंडं नको. आपल्या तक्त्याला अंडी मोजायची ठाऊक नाहीत.

तेव्हा साहेब कागद दाखवून म्हणाला, "पाणी मर्यादेत आहे," तर घाबरू नका. विचारा, कुणाच्या मर्यादेत? नदीच्या की जमिनीच्या? आणि ज्याची मर्यादाच लिहिलेली नाही त्याचं काय?

जमिनीच्या पोटात काय होतं

घाण दिसते, वास येतो, म्हणून सगळे घाणीबद्दल बोलतात. जमिनीला मारणारी गोष्ट बहुतेक वेळा दिसत नाही. ती म्हणजे मीठ, क्षार.

समजा, पाण्याच्या एका लिटरमध्ये एक ग्रॅम क्षार आहे. चिमूटभर. जिभेला थोडं मचूळ लागेल एवढंच. उसाला पाटाने वर्षभरात साधारण दोन मीटर पाणी दिलं जातं. एका एकरात दोन मीटर पाणी म्हणजे 80 लाख लिटर. लिटरला एक ग्रॅम धरलं तर वर्षाला एकरी 8 टन क्षार. एक ट्रक भरून मीठ दरवर्षी एका एकरात ओतायचं! पाणी उन्हाने उडून जातं, पीक पिऊन घेतं. मीठ उडत नाही. पाऊस भरपूर असेल आणि निचरा चांगला असेल तर काही धुऊन जातं. दौंड-इंदापूरकडे पाऊस थोडा. काळी जमीन भारी, निचरा मंद. मग मीठ एक तर मातीत राहतं, नाही तर खाली विहिरीत जातं. तिसरी वाट नाही.

क्षारांमध्ये सोडियम जास्त असेल तर आणखी वेगळी गोष्ट होते. साबण, सोडा, कपड्याची पावडर यांतून शहराच्या पाण्यात सोडियम येतो. काळ्या मातीत तो शिरला की मातीचे कण सुटे होतात, फुगतात, भोकं बुजवतात. वरून पाणी दिलं तर वरच साचतं, खाली उतरत नाही. वाळलं की दगडासारखं होतं. शेतकरी त्या जमिनीला चोपण म्हणतात. क्षारपड जमीन धुऊन थोडीफार परत येते. चोपण जमिनीला जिप्सम घाला, धैंचा गाडा, चर खोदा, वर्षानुवर्षं घालवा. तो खर्च कोण करणार? सौद्यात त्याचा रकाना आहे का?

मग नायट्रेट. मैलापाण्यात नत्र असतं, म्हणून पहिली काही वर्षं पीक हिरवंगार येतं. "बघा, खत फुकट!" पिकाला लागतं त्यापेक्षा जास्त झालेलं नत्र पाण्याबरोबर खाली झिरपतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट चालत नाही. बाटलीचं दूध त्या पाण्यात कालवलं तर तान्ह्या बाळाच्या जिवाला धोका. विहिरीचं पाणी दिसायला स्वच्छच असतं. वास नाही, रंग नाही.

मग धातू. शहरातल्या गटारात फक्त घरचं पाणी नसतं. मुलामा देणारे छोटे कारखाने, गॅरेज, छपाई, सगळ्यांचं पाणी त्यात मिसळतं. मैलाशुद्धीकरण केंद्र मैला खाण्यासाठी बांधलेलं असतं. शिसं-कॅडमियम काढणं हे त्याचं काम नाही. हे धातू मातीत साठत जातात. दरवर्षी थोडे. पालेभाजीत उतरतात. आणि ती भाजी परत पुण्याच्या मंडईत जाते. शहराने हे विसरू नये.

आणि शेवटी जंत. आकडी जंताची अळी अनवाणी पायाच्या कातड्यातून अंगात शिरते, आतड्याला चिकटून रक्त पिते. अंगात रक्त कमी झालेल्या किती बाया आपल्या वाड्यांवर आहेत ते आपल्याला ठाऊक आहे. त्यांना गोळ्या दिल्या जातात, आणि सोमवारी त्या परत त्याच पाण्यात अनवाणी उतरतात. मालकाच्या जमिनीचं नुकसान निदान सात-बाऱ्यावर तरी लागेल. मजुराच्या पायाचा सात-बारा नाही. म्हणून मूल्यमापनात मजूर नसेल तर ते मूल्यमापन अर्धंच.

चांगल्या पाण्यानेही जमीन मेली, त्याची आठवण

कुणी म्हणेल, तुम्ही उगाच भीती घालता. तर शेजारच्या नीरा खोऱ्याकडे बघा. इंग्रजांनी 1885 च्या सुमारास नीरा डावा कालवा सुरू केला. पाणी भाटघरच्या बाजूचं, सह्याद्रीचं, गोडं. त्यात शहराचा मैला नव्हता. तरी वीस-पंचवीस वर्षांत कालव्याखालच्या जमिनी पांढऱ्या पडायला लागल्या. इतक्या, की पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपल हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी तम्हाणे यांनी 1910 साली नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर सरकारी पुस्तिकाच लिहिली. पाणी द्यायची घाई झाली आणि दिलेलं पाणी पुढे जाणार कुठे हे आधी कुणी पाहिलं नाही. निचरा नव्हता. जमिनीखालचं पाणी वर चढलं आणि खालचं मीठ घेऊन आलं.

शंभर वर्षांहून जास्त झाली. धडा कागदावर आहे, पुण्यातच लिहिलेला आहे. खडकवासल्याला धरणाच्या पायथ्याशी पाण्याचं देशातलं एक मोठं सरकारी संशोधन केंद्र आहे, 1916 सालापासूनचं. शिवाजीनगरला शेतकी कॉलेज आहे. भूजल सर्वेक्षणाची यंत्रणा पुण्यातूनच चालते. ज्ञान कमी नाही. गोड्या पाण्याने जे झालं ते माहीत असताना मैल्याच्या पाण्याने काय होईल हे न विचारणं याला अज्ञान म्हणता येत नाही.

फुकट खताची भूल

शहराचं पाणी हा एक प्रकार झाला. दुसरा प्रकार शेतीच्या धंद्यातूनच येतो. उसाच्या मळीपासून दारू-स्पिरिट काढलं की एका लिटरमागे आठ ते पंधरा लिटर काळं पाणी उरतं. त्याची बीओडी लिटरला हजारो मिलिग्रॅममध्ये असते, जमिनीच्या 100 च्या मर्यादेच्या शेकडो पट. हे पाणी कुठेतरी घालवायचं असतं. मग गरीब शेतकऱ्याला सांगतात, पालाश आहे, खत आहे, टँकर फुकट टाकतो, पाहिजे तर वर पैसे घे. पालाश आहे हे खरं. पण किती टाकायचं, किती पातळ करून, कुठल्या जमिनीत, पावसाळ्याच्या किती आधी, हे टँकरवाला सांगत नाही. त्याचं काम टँकर रिकामा करणं. विहीर लाल झाली की टँकर दुसऱ्या गावाला जातो.

मोठी पोल्ट्री, मोठा गोठा, फळप्रक्रिया, सगळीकडे हीच भाषा: "शेतीला वापरतो." आणि आता आपल्या डोंगरात फार्महाऊस, रिसॉर्ट, हॉटेलं आली आहेत. संमतीच्या कागदावर लिहिलेलं असतं की सांडपाणी शुद्ध करून जमिनीवर, बागेसाठी वापरू. बाग असते गुंठाभर, पाणी असतं दिवसाला टँकरभर. उरलेलं उतारावर.

आपल्या डोंगराची जमीन खालच्यासारखी नाही. मुरमावर वीतभर माती, त्याखाली भेगाळलेला काळा दगड. माती गाळून घेईल म्हणतात, तर गाळायला माती पाहिजे ना! पाणी भेगांतून उतरतं आणि खालच्या झऱ्याला निघतं. पावसाळ्याचे चार महिने तर जमीन आधीच तुडुंब, तेव्हा सोडलेलं सगळं थेट ओढ्यात. त्या ओढ्यावर आपली खाचरं, खेकडे, मासे, आणि उन्हाळ्यात प्यायचं डबकं. मग तोच ओढा खडकवासल्याला जातो आणि शहर तेच पितं.

ते काय म्हणतील

म्हणतील, खालच्या शेतकऱ्याला पाणी हवंय, तुम्ही कोण नको म्हणणारे? आम्ही त्याच्या विरुद्ध नाही. दुष्काळात जळणाऱ्या पिकाला कुणी कसलंही पाणी दिलं तर माणूस घेणारच. त्याच्या गरजेचा फायदा घेणाऱ्याशी आमचं भांडण आहे. कालव्याच्या पाण्याला फेस येतो, वास येतो, विहिरी बिघडल्या, या तक्रारी त्याच शेतकऱ्यांनी केल्या आहेत, वर्तमानपत्रांत छापूनही आल्या आहेत. त्याला चांगल्या पाण्याचा हक्क आहे. घाण पाणी का काहीच नाही, अशी निवड त्याच्यापुढे ठेवणं म्हणजे अडवणूक.

म्हणतील, सगळ्या जगात सांडपाणी शेतीला वापरतात. वापरतात. पण जिथे नीट वापरतात तिथे आधी शुद्ध करतात, कोणतं पीक घ्यायचं ते ठरवतात, मातीचा निचरा बघतात, दरवर्षी मोजतात. आपल्याकडे त्यातला "वापरतात" एवढाच शब्द घेतला.

म्हणतील, हे शास्त्राचं काम आहे, तुम्हाला काय कळतं? शास्त्राला आम्ही मानतो, म्हणून तर मोजा म्हणतो. पण पांढरा पापुद्रा कुठल्या बांधावर आधी येतो, कुठल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजेना झाली, कुठल्या ओढ्यातला खेकडा गेला, कुठल्या वाफ्यात गांडूळ दिसेना, हे प्रयोगशाळेला कोण सांगणार? बाटली कुठे बुडवायची हे ज्याला कळतं त्याच्याशिवाय शास्त्र आंधळं.

म्हणतील, पर्यावरण परिणामाची अधिसूचना याला लागू नाही. 2006 च्या अधिसूचनेच्या यादीत मोठे सिंचन प्रकल्प आहेत, कारखान्यांच्या सांडपाण्याची सामायिक केंद्रं आहेत. शहराचं सांडपाणी कालव्यात टाकून हजारो एकरांवर पसरवायचं, हे काम त्या यादीत नाव घेऊन लिहिलेलं नाही. जनसुनावणी टाळायला एवढं पुरतं. यादीत नाही म्हणून परिणाम होत नाही का? विंचवाचं नाव यादीत नसलं तरी तो चावतोच.

आपली तपासणी, आपल्या अटी

नुसतं ओरडून भागत नाही. सांडपाणी जमिनीवर सोडायचा कुठलाही प्रस्ताव, मग तो कालव्याचा असो, टँकरचा असो की रिसॉर्टचा, गावापुढे आला तर ग्रामसभेने पुढच्या गोष्टी ठरावात लिहून मागायच्या.

1. आधीची नोंद. पहिलं पाणी सोडायच्या आधी माती, विहिरी, झरे तपासून घ्यायचे. माती वीतभर खोलीची आणि हातभर खोलीची, दोन्ही. आधीची नोंद नसली की नंतर म्हणतात, तुमची जमीन मूळचीच तशी.

2. नमुना पाच ठिकाणचा. नळाचं तोंड, पाटाची सुरुवात, पाटाचं शेपूट, शेतातली माती, आणि जवळची विहीर किंवा झरा. एका बाटलीवर विश्वास नाही.

3. वेळ आपण ठरवायची. उन्हाळ्यात, भर पावसात, रात्री, आणि वीज गेल्यानंतर. आगाऊ कळवून आलेल्या दिवशी पाणी नेहमी स्वच्छ असतं.

4. काय मोजायचं. क्षार, सोडियमचं प्रमाण, नायट्रेट, धातू, जंताची अंडी. फक्त बीओडी आणि आम्लता मोजून आणलेला कागद परत पाठवायचा.

5. ग्रामसभेची दोन माणसं हजर, त्यांत एक बाई. नमुना दोन बाटल्यांत, दोन्हींवर सील, एक गावाकडे. पंचनामा मराठीत, तिथेच वाचून दाखवायचा.

6. निचरा कुठे जाणार. दिलेलं पाणी जमिनीतून पुढे कोणाच्या विहिरीत, कोणाच्या ओढ्यात जाईल ते नकाशावर काढून दाखवायचं. खालच्या गावाचीही संमती हवी.

7. थांबायची रेषा. विहिरीत अमुक एवढे क्षार झाले की पाणी बंद, हे आधीच लिहायचं. बंद कोण करणार, भरपाई कोण देणार, जमीन दुरुस्त कोण करणार, तेही.

8. मजुराची तपासणी. त्या पाण्यात काम करणाऱ्यांची वर्षातून दोनदा जंताची आणि रक्ताची तपासणी, बूट-हातमोजे, आणि शेतावर पिण्याचं वेगळं पाणी.

यातल्या काही गोष्टी आपण आजच सुरू करू शकतो. क्षार मोजायचं पेनाएवढं यंत्र मिळतं, पाण्यात बुडवलं की आकडा दाखवतं. शाळेतली पोरं दर अमावास्येला विहिरींचा आकडा वहीत लिहू शकतात. वर्षभराची वही म्हणजे पुरावा. दुसरं, माहितीच्या अधिकाराच्या कायद्याखाली प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, महापालिकेकडे, पाटबंधारे खात्याकडे नमुन्यांचे अहवाल आणि संमतीपत्रं मागायची. अर्जात तारीख, ठिकाण आणि काय मोजलं हे तिन्ही विचारायचं.

आणि अधिकाराचं म्हणाल तर तो आपल्या हातात आहे. वनहक्क कायदा 2006 फक्त पट्टा देत नाही. त्याच्या कलम 5 मध्ये ग्रामसभेला पाणलोट, पाण्याचे झरे-ओढे आणि आपला अधिवास सांभाळायचा अधिकार आणि जबाबदारी दिलेली आहे. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावाने जंगलातल्या ओढ्यात सांडपाणी येऊ द्यायचं नाही असा ठराव केला, तर तो या कायद्यावर उभा आहे. ओरिसात नियमगिरीच्या डोंगरात खाण काढायची का, हे ग्रामसभांपुढे ठेवा असं सर्वोच्च न्यायालयाने 18 एप्रिल 2013 ला सांगितलं. त्या वर्षी बाराच्या बारा ग्रामसभांनी नाही म्हटलं. डोंगर अजून उभा आहे. डोंगरिया कोंध आपल्यापेक्षा काही वेगळी माणसं नाहीत. ती बसली, बोलली, लिहून घेतलं आणि उठली नाहीत.

साथींनो, मुळशीच्या धरणापासून पानशेत, वरसगावपर्यंत शंभर वर्षं आपण एकच वाक्य ऐकत आलो: देशासाठी, शहरासाठी थोडं सोसा. आपण गावं दिली, खाचरं दिली, देवराया दिल्या, पाणी दिलं. आता शहर वापरून झालेलं पाणी परत करतं आहे आणि तेही उपकार म्हणून. परत करायचं तर जसं नेलं तसं आणून द्या. नाही जमत, तर निदान ते आमच्या जमिनीत उतरल्यावर काय करतं ते आमच्यासमोर मोजा, आणि मोजून वाईट निघालं तर बंद करा. यात जास्तीचं काही मागितलेलं नाही.

येत्या ग्रामसभेत वरच्या आठ अटी वाचून दाखवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी दोनदा वाचा. ठराव लिहा, सह्या-अंगठे घ्या, एक प्रत तहसीलदाराकडे पोचपावतीसह द्या आणि एक प्रत आपल्या संघटनेकडे पाठवा. खालच्या गावांत सोयरे असतील त्यांनाही हे पत्रक द्या.

जमीन आमची, पाणी आमचं, मोजमापही आमच्यासमोर!

जिंदाबाद!